गोधडीच्या नमुन्यावर हक्क कोणाचा?

गोधडीचा नमुना आता विकत मिळतो. मोबाइलवरून पैसे भरले की पीडीएफ हातात येते. किती सेंटिमीटरचे तुकडे कापायचे, कोणत्या रंगाशेजारी कोणता रंग ठेवायचा, कोणती शिवण आधी घालायची, सगळे चित्रांसकट त्यात असते. समजा, ब्रह्मपुरीकडच्या एखाद्या बचत गटातल्या ताईने असा नमुना घेतला. तो संध्याकाळपर्यंत गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर जाणार आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावात पोचणार. यात कोणाचा खोटा हेतू नसतो. शिवणकाम आपल्याकडे एकमेकींचे बघतच शिकले गेले आहे. आत्याने घातलेला टाका भाचीने उचलला म्हणून कधी कोणी कोणाला जाब विचारला नाही.

पण गोधडी विक्रीला निघाली की प्रश्न उभे राहतात. पैसे मोजून घेतलेला नमुना मैत्रिणीला पाठवता येतो का? त्यावरून वीस गोधड्या शिवून मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात मांडता येतात का? रंग बदलले, एक पट्टी वाढवली, तर तो नमुना आपला होतो का? आणि एक उलटा प्रश्न आहे, जो मला यापेक्षाही मोठा वाटतो. आपल्या गावच्या बाईने स्वतःच्या डोक्याने रचलेली गोधडी एखाद्या शहरी कंपनीने उचलली, तर तिच्या हातात काय उरते?

या विषयावर वाचायला मिळणारे बहुतेक सल्ले अमेरिकेतले आहेत. तिथल्या कायद्यात 'फेअर यूज'ची लवचीक कसोटी आहे. वापराचा हेतू, मूळ कामाचे स्वरूप, किती भाग घेतला आणि मूळ निर्मात्याच्या बाजारावर काय परिणाम झाला, हे तोलून न्यायालय ठरवते. भारतात तसे नाही. आपला कायदा म्हणजे 1957 चा कॉपीराइट कायदा. त्याच्या कलम 52 मध्ये कोणते वापर चालतात याची ठरलेली यादी आहे. आपला वापर त्या यादीत बसला तर मोकळीक, नाही बसला तर परवानगी घ्यावी लागते. नमुना परदेशी असला म्हणून सूटही मिळत नाही. भारत 1928 पासून कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात आहे, त्यामुळे अमेरिकेतल्या बाईने काढलेल्या नमुन्याला मूल-सिंदेवाहीतही संरक्षण आहे.

आता या कायद्याने नेमके काय राखले आहे ते पाहू. सगळा घोटाळा इथेच होतो. विकत घेतलेल्या नमुन्यात तीन गोष्टी असतात: लिहिलेल्या सूचना, काढलेली चित्रे आणि शिवण्याची रीत. सूचनांचा मजकूर ही साहित्यकृती. चित्रे, आराखडे, तक्ते या कलाकृती. आणि कायदा स्पष्ट म्हणतो की चित्रात कलात्मक गुण असो वा नसो, संरक्षण मिळतेच. निर्मात्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षे हा हक्क टिकतो. (पूर्वी ही मुदत 50 वर्षांची होती. रवींद्रनाथांच्या लेखनावरचा हक्क संपायला आला तेव्हा 1992 मध्ये ती वाढवली.) तिसरी गोष्ट, म्हणजे रीत, मात्र कोणाचीच मालमत्ता नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1879 मध्ये हिशेबाच्या वह्यांच्या एका खटल्यात हे तत्त्व मांडले: पुस्तकावर लेखकाचा हक्क असतो, पुस्तकात शिकवलेल्या पद्धतीवर नसतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1978 च्या आर. जी. आनंद खटल्यात नाटक आणि चित्रपटाच्या संदर्भात तेच सांगितले. कल्पनेवर कॉपीराइट नाही, ती ज्या रूपात मांडली त्या रूपावर आहे.

म्हणजे चौकोनाच्या चार बाजूंना पट्ट्या लावत जाणे, त्रिकोण जोडून चांदणी करणे, नऊ तुकड्यांचा पट मांडणे यावर जगात कोणीही दावा सांगू शकत नाही. हे आकार शेकडो वर्षांचे आहेत. आपली गोधडी तर त्याहून साधी आणि त्याहून अवघड आहे. खाली जुने लुगडे पसरायचे, त्यावर धोतरांचे, सदऱ्यांचे, परकरांचे तुकडे अंथरायचे, वर दुसरे लुगडे घालायचे. मग मोठ्या कच्च्या टाक्यांनी कापड जागच्या जागी बसवायचे आणि कडेपासून धावदोरा घालत आत यायचे. डावा हात खाली असतो. सुई शेवटच्या थरातून पार गेली की नाही, हे बोटांना कळते. एक थर जरी सुटला तरी पहिल्या धुण्यातच आत गोळे होतात. ही कला कोणत्याही पीडीएफने दिलेली नाही आणि कोणताही कायदा ती कोणाकडून काढून घेऊ शकत नाही.

आता त्या ताईकडे परत येऊ. तिने नमुना विकत घेतला, म्हणजे त्याची एक प्रत घेतली. छापील पुस्तिका असेल तर ती वाचून झाल्यावर मैत्रिणीला देता येते, विकताही येते. जी प्रत एकदा बाजारात आली तिच्या पुढच्या विक्रीवर निर्मात्याचा ताबा राहत नाही. पण पुस्तिकेच्या बारा झेरॉक्स काढून गटातल्या बारा जणींना वाटणे किंवा पीडीएफ पुढे पाठवणे म्हणजे नव्या प्रती काढणे, आणि तो हक्क फक्त निर्मात्याचा आहे. झाडीपट्टीच्या वाचकाला हे नाटकावरून लगेच पटेल. नाटकाचे पुस्तक दुकानातून घेतले म्हणून तिकीट लावून प्रयोग करण्याचा हक्क मिळत नाही. हौशी मंडळाने फुकट प्रेक्षकांपुढे केलेल्या प्रयोगाला कायद्याने सूट दिली आहे, पण वडसाच्या व्यावसायिक कंपनीला लेखकाची परवानगी लागणारच.

कलम 52 मधली पहिलीच सूट घरगुती वापराची आहे. खाजगी किंवा वैयक्तिक उपयोगासाठी केलेला रास्त वापर हा उल्लंघन ठरत नाही. लेकीच्या बाळंतविड्यात द्यायचे दुपटे विकतच्या नमुन्यावरून शिवले, नमुना कापायला सोपा जावा म्हणून स्वतःपुरती त्याची एक मोठी झेरॉक्स काढली, तर यात काही गैर नाही. शिकवण्यासाठीही सूट आहे. शिक्षक किंवा विद्यार्थी अध्यापनाच्या ओघात मजकुराची नक्कल करू शकतात, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने 2016 मध्ये विद्यापीठातल्या झेरॉक्सच्या गाजलेल्या खटल्यात या सुटीचा अर्थ बराच उदार लावला. पण तो खटला विद्यापीठातल्या शिक्षणाचा होता. शिवणवर्गाच्या नावाखाली कोणाचे पुस्तक छापून विकले तर ही ढाल उपयोगी पडणार नाही.

विक्रीसाठी शिवण्याचा प्रश्न मात्र असा सरळ सुटत नाही. नमुना नुसता भौमितिक असेल, चौकोन-त्रिकोणांचा नेहमीचा, तर तयार गोधडीवर निर्मात्याचा हक्क जवळजवळ नसतोच. हक्क राहतो तो त्याच्या पानांवर. पण समजा नमुन्यात ताडोबाचा वाघ आहे. बांबूच्या बेटातून बाहेर पडणारा, प्रत्येक पट्टा वेगळ्या तुकड्याने केलेला, कोणी तरी महिनाभर बसून रेखाटलेला. ते चित्र कलाकृती आहे, आणि कलाकृती कापडावर उतरवणे हीसुद्धा तिची नक्कलच. नमुना विकताना 'यावरून शिवा' ही परवानगी त्यातच येते. किती शिवा, विकायला शिवा की घरापुरते, हे मात्र निर्मात्याने घातलेल्या अटींवर ठरते. 'फक्त वैयक्तिक वापरासाठी' असे लिहिलेले असेल आणि आपण ते मान्य करून पैसे भरले असतील, तर तो करार झाला. काही निर्मात्या नमुनाकाराचे नाव लावण्याच्या अटीवर थोड्या विक्रीला मोकळीक देतात. म्हणून पैसे भरण्याआधी अटी वाचाव्यात आणि शंका असेल तर दोन ओळींचा निरोप पाठवून विचारावे. बहुतेक जणी आनंदाने होकार देतील असे मला वाटते, आणि लेखी होकार हा सगळ्यात भक्कम कागद आहे.

रंग बदलून किंवा वाघाचे तोंड उजवीकडून डावीकडे फिरवून नमुना आपला होत नाही. कोणता टक्का बदलला की सुटका, असा नियम कायद्यात कुठेही नाही. वीस टक्के, तीस टक्के या ऐकीव गोष्टी आहेत. पाहणाऱ्याला एक काम दुसऱ्यावरून उचललेले आहे असे ठळकपणे जाणवले की उल्लंघन झाले. छोटा भीमसारखी पात्रे दुपट्यावर शिवून विकण्याबाबत तर शंकाच नको. तिथे पात्राच्या चित्रावरचा हक्क आहे आणि व्यापारचिन्हही आहे. धंद्यासाठी जाणूनबुजून केलेल्या कॉपीराइट उल्लंघनाला कायद्यात सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड आहे.

इथपर्यंत कायदा नमुना काढणारीच्या बाजूने दिसतो. पण याच कायद्यात कलम 15 आहे, आणि कापडाच्या धंद्यातल्या प्रत्येकाने ते समजून घ्यायला हवे. एखादी रचना डिझाइन म्हणून नोंदवता येण्यासारखी असेल आणि ती नोंदवली नसेल, तर मालकाने किंवा त्याच्या परवानगीने दुसऱ्या कोणी त्या रचनेच्या पन्नासपेक्षा जास्त वस्तू उत्पादन प्रक्रियेने काढल्या की त्या रचनेवरचा कॉपीराइट संपतो. डिझाइनच्या कायद्यात ही प्रक्रिया यंत्राचीच असावी असे नाही, हातानेही चालते. दिल्ली उच्च न्यायालयातले दोन निकाल शेजारी ठेवले की पन्नासचे वजन कळते. 2008 मध्ये फॅशन डिझाइनर तरुण ताहिलियानी यांच्या कंपनीचा विजय झाला, कारण त्यांच्या रेखाटनांवरून शिवलेले कपडे पन्नासच्या आत होते. 2016 मध्ये डिझाइनर रितू कुमार यांच्या कंपनीचा बिबा या कपड्यांच्या कंपनीविरुद्धचा दावा टिकला नाही. छापांचे कपडे पन्नासच्या पुढे गेले होते आणि डिझाइनची नोंदणी नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये वायू वाहून नेणाऱ्या ट्रेलरच्या आराखड्यांवरून झालेल्या वादात आणखी स्पष्टता आणली. पन्नासचा आकडा मोजण्याआधी ते काम निखळ कलाकृती आहे की वस्तूवर उतरवण्यासाठी केलेले डिझाइन आहे, हे तपासावे, आणि त्या कामात उपयुक्ततेचा भाग किती हेही पाहावे, असे न्यायालयाने सांगितले.

गोधडीला हे कसे लागू होते? वर्षाला एक-दोन, मनापासून रचलेल्या, एकीसारखी दुसरी नसलेल्या गोधड्या करणाऱ्या बाईला कॉपीराइट पुरतो. कायद्यात 'कलात्मक कारागिरीची कृती' असा शब्दप्रयोगच आहे. पण तीच रचना गटाने शंभर-दोनशे नगांत काढायची ठरवली, तर पहिली गोधडी प्रदर्शनात मांडण्याआधी डिझाइनची नोंदणी करावी लागेल. 2000 च्या डिझाइन कायद्याने 10 वर्षे आणि पुढे 5 वर्षे संरक्षण मिळते. मात्र रचना आधीच जगजाहीर झाली असेल तर नोंदणी होत नाही. फेसबुकवर टाकलेला उत्साहाचा एक फोटो यासाठी पुरेसा आहे, आणि नेमकी इथेच चूक होते.

स्वतःच्या गोधड्यांवरचा हक्क लढून मागण्याची वेळ आलेल्या बायकांचे एक उदाहरण जगप्रसिद्ध आहे. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात गीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या कृष्णवर्णीय, शेतमजूर घरांतल्या बायकांनी कामाच्या जुन्या कपड्यांतून गोधड्या शिवल्या. 2002 पासून त्या मोठमोठ्या संग्रहालयांत लागल्या, 2006 मध्ये टपाल तिकिटांवर आल्या, त्यांच्या रचना इतर वस्तूंवरही उतरल्या. 2007 मध्ये त्यांपैकी काहीजणींनी न्यायालयात दावे लावले. आमच्या रचनांवरच्या कमाईचा योग्य वाटा आम्हाला मिळाला नाही, असे त्यांचे म्हणणे होते. 2008 मध्ये तडजोड झाली. जुन्या कपड्यांच्या त्या तुकड्यांचे मोल संग्रहालयांना आधी कळले, शिवणाऱ्या बायकांना मागून. आपल्याकडे हा क्रम उलटा व्हावा, एवढ्याचसाठी हा लेख.

महाराष्ट्रात जून 2025 मध्ये असाच वाद पेटला. प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला नाव न घेता दाखवल्या. कोल्हापुरी चपलेला भौगोलिक निर्देशांक, म्हणजे जीआय, आहे. तरीही मुंबई उच्च न्यायालयातली जनहित याचिका जुलैमध्ये फेटाळली गेली. जीआयचे नोंदणीकृत मालक स्वतः न्यायालयात येऊ शकतात, इतरांना तो अधिकार नाही, असा मुद्दा होता. यातून कळते ते असे की जीआय नावाचे रक्षण करतो. बाहेरचा माल कोल्हापुरी म्हणून विकू देत नाही, पण नाव न घेता केलेली नक्कल अडवणे त्याला जड जाते. वारली चित्रांना जीआय आहे. विदर्भातल्या कोशाच्या करवत काठी साडीलाही आहे. मोठ्या कंपनीने वारलीसारख्या आकृत्या काढून त्याला 'आदिवासी कला' म्हटले, तर जीआयचा कायदा फार पुढे जात नाही.

इथे गडचिरोलीकडे एक असा धागा आहे जो फारसा कोणी ओढून पाहिलेला नाही. 2006 चा वनहक्क कायदा आपण जमीन, बांबू आणि तेंदूपानापुरता ओळखतो. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्यानंतरही बांबू विकायला वाहतूक परवाना मिळेना, तेव्हा एप्रिल 2011 मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. आज या जिल्ह्यात हजाराहून अधिक गावांकडे सामूहिक वनहक्क आहेत. त्याच कायद्याच्या कलम 3 मध्ये आणखी एक हक्क लिहिलेला आहे: जैवविविधता आणि सांस्कृतिक विविधता यांच्याशी निगडित पारंपरिक ज्ञानावर आणि बौद्धिक संपदेवर समूहाचा हक्क. माडिया-गोंडांच्या गोंदणातल्या आकृत्या, लाकडी कोरीवकाम, बांबूच्या विणीतले घाट ही सांस्कृतिक विविधता नाही तर दुसरे काय? कॉपीराइट कायदा एकेका माणसाला ओळखतो, पिढ्यांनी मिळून केलेल्या कामापुढे तो थबकतो. वनहक्क कायद्याने मात्र समूहालाच हक्कदार मानले आहे. ज्या ग्रामसभांनी बांबूचा हक्क कागदावरून प्रत्यक्षात आणला, त्यांनीच ठराव करून आपल्या आकृत्यांची नोंद ठेवावी आणि बाहेरच्याने त्या वापरायच्या तर आधी ग्रामसभेची संमती घ्यावी असे लिहून ठेवावे, असे मला मनापासून वाटते. न्यायालयात हे किती टिकेल ते टिकवून पाहिल्याशिवाय ठरणार नाही. बांबूचेही तसेच होते.

तोवर एकेकीने काय करायचे ते फार खर्चाचे नाही. कॉपीराइट निर्मितीबरोबरच मिळतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. पण वाद झाला तर 'हे माझेच' हे सिद्ध करावे लागते. कलाकृतीची नोंदणी 500 रुपयांत होते. मालासाठी वापरायची असेल तर शुल्क 2,000 रुपये. तेवढेही नको असेल तर गटाची एक वही पुरते: रचनेचे पेन्सिलीने काढलेले चित्र, शिवणारीचे नाव, तारीख, दोघींच्या साक्षी. व्यापारी नमुना मागायला आला तर तोंडी बोलीवर देऊ नका. हक्क दुसऱ्याला देण्याचा करार लेखी आणि सही केलेला असावाच लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरतो. घेणाऱ्याने वर्षभरात हक्क वापरला नाही आणि करारात वेगळे ठरलेले नसेल, तर तो मूळ मालकिणीकडे परत येतो. घरी बसून नगावर काम करणारी बाई साधारणपणे नोकर ठरत नाही, त्यामुळे तिने स्वतः रचलेल्या नमुन्याची पहिली मालकीण तीच. आणि हक्क विकला तरी रचनेला आपले नाव लावून घेण्याचा अधिकार तिच्याकडेच राहतो. तो कलम 57 ने दिला आहे.

तेव्हा दुसरीचा विकत घेतलेला नमुना फुकट पुढे पाठवू नका, तिचेही पोट त्यावर आहे. आणि गटाच्या पुढच्या बैठकीत एक कोरी वही आणून पहिल्या पानावर तुमच्या गटात सगळ्यांत जास्त गोधड्या शिवलेल्या आजीची रचना काढा, खाली तिचे नाव आणि तारीख घाला.